खांबाला वळसा

मुजावर सरांना ट्रॅकसूटशिवाय पाहिलेला माणूस आमच्या कॉलेजात सापडायचा नाही. लग्नाला ट्रॅकसूट, मयताला ट्रॅकसूट, प्राचार्यांच्या केबिनमधल्या बैठकीलाही ट्रॅकसूट. ईदला तेवढा पांढराशुभ्र कुर्ता असायचा, पण त्याच्याखाली बाजूला पट्टे असलेली निळी पँट होतीच, हे मी त्यांच्याच घरी शिरखुर्मा खाताना या डोळ्यांनी पाहिलंय. विचारलं तर म्हणाले, "म्याडम, कडक इस्त्री हाय बघा. तुमी इस्त्री बघा की, कापड कशाला बघताव?"

आमच्याकडे शारीरिक शिक्षणाच्या प्रमुखाला सगळे 'फिजिकल सर' म्हणतात. मी इतिहास शिकवते. मैदानाशी माझा संबंध स्टाफरूमच्या खिडकीतून दिसेल तेवढाच. पण मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत एक बाई पाहिजे, असा नियम आहे. बाकीच्या बायांनी घरची कारणं चटाचटा सांगून टाकली. मी कारण शोधेपर्यंत माझं नाव लागलं होतं आणि ज्या खेळात हात का लावायचा नाही हेही मला कळत नव्हतं, त्या फुटबॉलच्या मुलींची मी व्यवस्थापक झाले. त्या नियमाचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्याच्यामुळेच हा माणूस मला जवळून बघता आला.

धाराशिवातलं आमचं मैदान म्हणजे काळ्या मातीवर पसरलेला मुरूम. कितीही झाडा, रोज नवे खडे वर येतात. म्हणून सरांचा एक दंडक होता. सरावाला आलं की आधी खडे वेचायचे, मगच चेंडूला पाय लावायचा. मुलं आणि मुली एका ओळीत उभी राहायची, वाकायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रान खुरपत गेल्यासारखी सरकत जायची. कुणी तोंड वाकडं केलं की सर म्हणायचे, "पडल्यावर गुडघा कुणाचा फुटंल? माजा? मग वेच की."

वेचलेले खडे मैदानाच्या कडेच्या कडुलिंबाखाली टाकायचे. वर्षानुवर्षं टाकून तिथं एवढा ढीग झाला की सरांनी तो माती लिंपून सारखा केला, वर चुना मारला आणि बसायला ऐसपैस कट्टा तयार झाला. त्याला आम्ही 'स्टेडियम' म्हणत होतो. एकदा प्राचार्य मैदानातून आडवे निघाले होते, तेव्हा सर त्यांनाही म्हणाले, "सायेब, आलाच हाव तर येक खडा उचला." प्राचार्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि उचलला. तो हातात धरून ते केबिनपर्यंत गेले, टाकावा कुठं हे त्यांना कळेना.

खेळाडूला सर कधी नावानं हाक मारत नसत. गावाच्या नावानं मारायचे. "ढोकी, पुढं पळ! तामलवाडी, हात वर! आरं परंडा, झोपलास व्हय?" नवख्या माणसाला वाटावं, एस.टी. स्टँडवर कंट्रोलर गाड्या पुकारतोय. ढोकीच्या दोघी सख्ख्या बहिणी संघात होत्या, म्हणून एक थोरली ढोकी आणि एक धाकली ढोकी. मी एकदा विचारलं, मुलांना आईबापांनी नावं ठेवलीत ती काय शोभेला? सर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "नाव घेतलं की मागनं आडनाव येतंय, आडनावामागनं सगळी भानगड येतीया. गाव घेतलं की आख्खं गाव पाठीशी हुभं ऱ्हातंय, म्याडम."

स्वतः ते मूळचे परंड्याचे. लहानपणी किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळले, शाळेत खो-खो. "पाय फुटबॉलचे आन् डोस्कं खो-खोचं," असं स्वतःबद्दल सांगायचे. कॉलेजात मुलांचा फुटबॉल संघ त्यांनी शून्यातून उभा केला आणि तो विद्यापीठाच्या स्पर्धांत बऱ्यापैकी नाव काढून होता. मुलींचा संघ मात्र नव्हता. आमच्या जिल्ह्यात मुलींचा खेळ म्हणजे खो-खो. त्यात इथल्या पोरी अशा पटाईत की कॉलेजच्या संघात जागा मिळणं म्हणजे नोकरी मिळण्याइतकं अवघड. निवड झाली की दरवर्षी उरलेल्या मुली चपला घालून खाली मान घालून जायच्या. सर ते बघायचे. एका वर्षी त्यांनी त्या सगळ्यांना दारातच अडवलं. "कुठं निघालाव? पळता येतंय न्हवं? मग बसा हितंच."

मुली फुटबॉलला तयार झाल्या. घरचे कुठं झाले होते? ढोकीच्या दोघींचे वडील धनाजीराव साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात. त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. सर मला घेऊन ढोकीला गेले. बाई सोबत असली की घरातून निदान चहा तरी येतो, हा त्यांचा हिशोब. चहा आला. धनाजीराव खाली बघत म्हणाले, "सर, तुमी आलाव, लई बरं वाटलं. पर पोरींनी चेंडूला लाता मारायच्या, हे बरं दिसंल का? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, धनाजीच्या पोरी लई पळत्यात," सर म्हणाले. "आन् ते खरंच हाय की."

तेवढ्यात आतून धनाजीरावांच्या मंडळींचा आवाज आला. "पळू द्या की. उसाच्या फडात ओढाळ वासरामागं रोज पळत्यातच. तितं कोण बघतंय त्यांच्याकडं? मैदानात तरी चार लोक बघतील."

सर उठले, दाराकडं तोंड करून हात जोडले आणि मला म्हणाले, "चला म्याडम, निकाल लागला."

पहिला सराव सामना मुलांशीच ठेवला. मी स्टेडियमवर, म्हणजे खड्यांच्या कट्ट्यावर बसले होते. थोरली ढोकी चेंडू घेऊन सुसाट निघाली. मुलांचा कप्तान सोहेल, म्हणजे आमचा परंडा, त्यानं तिच्या पायातून चेंडू अलगद काढून घेतला. आता तिनं मागं वळायचं की नाही? पण खो-खोत एकदा दिशा धरली की खांबापर्यंत जावंच लागतं, खांबाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरता येत नाही. वर्षानुवर्षं ते तिच्या अंगात मुरलेलं. ती तशीच पळत गोलपर्यंत गेली, गोलच्या खांबाला हात लावून गर्रकन वळसा घातला आणि मग चेंडूमागं परत निघाली. तिच्यामागून धाकलीनंही तेच केलं. आणखी दोघीतिघी तर चेंडू लांब होता तोवर उकिडव्या बसल्या होत्या, कुणी खो देईल म्हणून.

मुलं हसून हसून मैदानावर लोळली. मीही हसले, खोटं कशाला सांगू? कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलेजात पोहोचलं. मुलींना नाव पडलं, 'खांबवाल्या'.

सर हसले नाहीत. त्यांनी मुलांचं हसणं पुरतं होऊ दिलं. "झालं? आता उटा. खो-खो खेळायचा. पोरी बसतील, तुमी पळा." मुलं छाती काढून उतरली. बघता बघता एकेक बाद होत गेलं. परंड्याला आपल्या पळण्याचा फार गर्व होता. त्याला धाकल्या ढोकीनं खांबाजवळ असा सूर मारून टिपला की तो कुठून आणि कसा बाद झाला हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे धापा टाकत उभे होते तेव्हा सर म्हणाले, "पाय हे असं असत्यात. ह्या पायांना फुटबॉल शिकवायचं काम माजं, ते म्या करतो. तुमच्या दातांना काय शिकवू ते सांगा."

त्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेला दोन्ही संघ गेले. मुली पहिल्याच सामन्यात सपाटून हरल्या. किती गोल झाले ते मी मोजायचं सोडून दिलं होतं. तो व्हिडिओ आमच्या आधीच तिथं पोहोचला होता. शहरातल्या एका कॉलेजच्या मुली आमच्या मुलींना बघून गोलच्या खांबाला वळसा घालून दाखवायच्या आणि टाळ्या द्यायच्या. परतीच्या गाडीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी तशीच बांधलेली राहिली.

पुढच्या वर्षी स्पर्धा जवळ आल्यावर प्राचार्यांनी सरांना बोलावलं, मलाही. प्राचार्य माणूस वाईट नव्हे, पण हसं झालेलं त्यांना सोसत नसे. "मुजावर, मुलांचा संघ यंदा चषक आणेल असं सगळे म्हणतात. त्यांनाच पाठवू. मुलींचं आता पुरे."

"दोनी टीम जातील सायेब," सर शांतपणे म्हणाले. "न्हायतर येकबी जाणार न्हाय."

परंड्याचं ते शेवटचं वर्ष होतं. या स्पर्धेत चमकला तर विद्यापीठाच्या संघात त्याची निवड होणार हे उघड होतं. बातमी फुटली आणि मुलांचा संघ पेटला. आमच्या मेहनतीवर पाणी कशाला, म्हणून मुलं भांडायला आली. परंडा त्या दिवशी सरावाला आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, मुलींच्या शेजारी वाकून गपगुमान खडे वेचले आणि हात झटकत सरांपुढं उभा राहिला. "सर, ह्यांना डोक्यानं बॉल मारता येत न्हाय. म्या शिकवतो."

सर नुसतं "हां" म्हणाले आणि तोंड फिरवून बराच वेळ लिंबाकडं बघत राहिले.

शेवटी प्राचार्यांनी तोड काढली. दोन्ही संघ जातील, पण मुलींनी पहिला सामना जिंकलाच पाहिजे. हरल्या तर मुलींचा संघ तिथंच बंद. "आणि मग हा विषय पुन्हा माझ्यापुढं काढायचा नाही," त्यांनी बजावलं. सर म्हणाले, "मंजूर."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "सर, जिंकतील का हो?"

"न्हाय जिंकल्या तर म्या टरॅकसूट सोडतो."

"मग घालणार काय?"

सर जिन्यात थांबले. खरोखरच विचारात पडले. "त्यो घोळ हायच," म्हणाले, "जिंकावंच लागंल."

आणि पोरी जिंकल्या की! पहिल्या सामन्यात धाकलीनं एक गोल केला आणि तामलवाडीनं गोलात उभं राहून एकही आत जाऊ दिला नाही. ही तामलवाडी म्हणजे खो-खोत खांबावर सूर मारणारी पोरगी. सरांनी तिला पहिल्या दिवसापासून गोलात उभी केली होती. तिला इतर काही शिकवण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. एवढंच म्हणायचे, "तामलवाडी, खांब तुजा हाय." पहिला सामना संपला तेव्हा मला रडू आलं. संघ वाचला होता. मला वाटलं, मिळालं ते खूप झालं, आता घरी जाऊ. पण पोरींना कुठं थांबायचं होतं? त्या पुढचाही जिंकल्या, त्याच्या पुढचाही.

मुलं मात्र उपांत्य सामन्यात पेनल्टीवर हरली. शेवटची परंड्याचीच चुकली. तो मैदानावर पालथा पडून रडत होता. सर त्याच्याजवळ जाऊन मांडी घालून बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पुष्कळ वेळानं म्हणाले, "रडून झालं का? मग उट, पाणी भर. पोरींची फायनल हाय." परंडा उठला. त्याच्यामागं सगळी मुलं उठली आणि बाटल्या भरायला नळावर गेली.

अंतिम सामना त्याच शहरातल्या कॉलेजशी होता. खांबाला वळसे घालून दाखवणाऱ्या त्याच मुली. त्यांची एक उंच, काटक मुलगी आघाडीला खेळायची. तिला अडवणं कुणाला जमलं नव्हतं. सरांनी आमच्या मुलींना जवळ बसवलं. "त्या उंच पोरीला येकटीनं धरायला जाऊ नगा. येकीनं जीव तोडून मागं पळायचं. दम लागला की खो द्यायचा, दुसरीनं उटायचं. तिला दम खायला सवड द्यायची न्हाय. तुमाला येतंय ते, आजवर दुसरं काय केलंय?"

सामना सुरू झाला. त्या उंच मुलीनं सुरुवातीलाच एक गोल ठोकला. पण आमच्या मुलींचं चाललेलं काम थांबलं नाही. धाकली तिच्या मागं लागायची, दमली की ओरडायची, "खो!" दुसरी उठायची, तिच्यापुढं तिसरी. त्यांची साखळी काही तुटत नव्हती. बाजूला उभी आमची मुलंही आता ओरडायला लागली, "दे खो! दे!" पंचांना हे काही कळेना. मध्यंतरात ते सरांकडं आले. "या मुली सारख्या काय ओरडतात हो?"

"मराटी बोलत्यात सायेब," सर अदबीनं म्हणाले. "बोलू द्या."

उत्तरार्धात ती उंच मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहायला लागली. बिचारीला एक श्वास नीट घेऊ दिला नव्हता आमच्या पोरींनी. मग थोरल्या ढोकीनं डोक्यानं गोल केला, अगदी परंड्यानं शिकवला तसा. बरोबरी! परंडा बाटली फेकून नाचायला लागला. आणि तेवढ्यात आमच्याकडून चूक झाली, त्यांना पेनल्टी मिळाली. मारायला तीच उंच मुलगी. माझ्यानं बघवेना, मी सरांकडं बघत राहिले. सर हाताची घडी घालून उभे. एकदाच म्हणाले, मोठ्यानंही नाही, "तामलवाडी, खांब तुजा हाय."

तिनं सूर मारला. अंग जमिनीला समांतर, हात खांबाकडं. चेंडू तिच्या बोटांना लागून बाहेर गेला. मला फुटबॉल कळत नाही, पण तो सूर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

वेळ संपत आला होता. तामलवाडीनं लांब मारलेला चेंडू थोरलीकडं आला, थोरलीनं तो धाकलीपुढं ढकलला आणि ओरडली, "खो!" धाकली उठली ती कुणाच्या हाताला लागलीच नाही. गोल! पुन्हा चेंडू मधोमध ठेवून खेळ सुरू होतो न होतो तोच लांब शिट्टी वाजली.

आणि मग धाकली थांबेचना. दोन्ही हात वर करून ती धावत त्यांच्या गोलकडं गेली, खांबाला हात लावला आणि गर्रकन वळसा घालून बाहेर आली. थोरली तिच्यामागं. मग तिसरी, चौथी. तामलवाडी आख्खं मैदान ओलांडून धावत आली आणि तिनंही वळसा घातला. मग परंडा गेला, सगळी मुलं गेली. एकेक जण त्या खांबाला हात लावून वळत होता आणि ओरडत होता. प्रेक्षक उठून उभे राहिले. पुढं होऊन टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या शहरातल्या मुलीही होत्या. ती उंच मुलगी तर हसत हसत आमच्या रांगेत शिरली आणि तिनंही एक वळसा घातला. आनंद कुठं ठेवू असं मला झालं होतं. साडीचा पदर खोचून मीही निघाले होते, पण पंचांनी हटकलं.

सर तेवढे जागेवरच उभे होते. ट्रॅकसूटच्या बाहीनं डोळे पुसत होते. ती इस्त्रीची बाही.

गाडी धाराशिवात शिरली तेव्हा चौकात हलगी वाजत होती. धनाजीराव ढोकीहून आले होते, भेटेल त्याला गुलाबजाम भरवत सुटले होते आणि सांगत होते, "माज्या पोरी हायत्या. लई पळत्यात!" प्राचार्य हार घेऊन पुढं आले. सरांनी तो स्वतःच्या गळ्यात पडू दिला नाही, धाकलीच्या घालायला लावला. प्राचार्यांनी घसा खाकरला. "मुजावर, पुढच्या वर्षी मुलींच्या संघाचं आपण..."

"सायेब," सर म्हणाले, "ह्यो इषय पुना काढायचा न्हाय म्हणला व्हताव."

प्राचार्य खळखळून हसले. विषय त्यानंतर खरोखर कधीच निघाला नाही. दोन्ही संघ आहेत. परंडा विद्यापीठाच्या संघात निवडला गेला. मुलींचा सराव आता थोरली ढोकी घेते, आणि चेंडूला पाय लावायच्या आधी सगळ्यांना खडे वेचायला लावते.

सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. शाल ट्रॅकसूटवरच पांघरली, हे सांगायला नकोच. बोलायला उठले आणि म्हणाले, "मला बोलता येत न्हाय, पळता येतंय," आणि बसले.

संध्याकाळी मी स्टाफरूम बंद करत होते. खिडकीतून सहज नजर गेली. मैदान रिकामं होतं, सर एकटेच मधोमध उभे. वाकले, एक खडा उचलून लिंबाखाली टाकून आले. मग गोलपाशी गेले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मी पडद्याआड झाले. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर त्या साठीच्या माणसानं गोलच्या खांबाला हात लावला, गर्रकन वळसा घातला आणि खांद्यावरची शाल सावरत समोरच्या गोलकडं पळत सुटला.

मी खिडकी तशीच उघडी ठेवली. तिकडच्या खांबालाही वळसा घालून सर परत येईपर्यंत मी तिथंच उभी होते.